देवाच्यान सांगितलेला आकडा

“रजनी, लिवन घे! फळी उसवली, इंजिनात पाणी शिरला. पाच जण आसव. देवाच्यान सांगतंय गे, देवाच्यान! सोळा चौदा, त्र्याहत्तर दोन. परत सांगतंय, सोळा चौदा...”

एवढं बोलून वायरलेस खरखरला आणि माझा धाकटा भाऊ दिगंबर गप्प झाला. मी माइक दाबून दाबून ओरडत राहिले, “दिगू! दिगू, बोल मेल्या!” पण पलीकडे नुसती खरखर. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

मी तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात वायरलेसवर बसायचे. गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, लग्न जमत नव्हतं, आणि चेअरमन पराडकरकाकांना आकडेमोड करणारं माणूस फुकटच्या भावात हवं होतं. बर्फाच्या कारखान्यावर माडीला ऑफिस, खिडकीतून सगळं बंदर दिसायचं. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. दिवाळी उलटून गेलेली, कुठेतरी लांब वादळ फिरत होतं, म्हणून सगळ्या लाँच बंदरात उभ्या. फक्त आमचे शहाणे बंधुराज आमची ‘भद्रकाली’ घेऊन बाहेर गेलेले. का, तर मासळी लागलीय. आदल्या दिवशी टोपल्या भरून तांबोशी आणली होती ना! मग तो कुणाच्या बापाचं ऐकतोय? आणि बापानेही अडवलं नव्हतं.

आता या ‘देवाच्यान’चं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वायरलेसवर खरा आकडा सांगणारा तांडेल, म्हणजे लाँचचा कप्तान, आणि सभेत खरं बोलणारा पुढारी मला अजून भेटायचाय. वायरलेस म्हणजे चव्हाटा. तुम्ही एकाशी बोला, शंभर जण कान लावून बसलेले. मासळी कुठे लागली हे खरं सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा. म्हणून प्रत्येक घराची आपली एक खोट ठरलेली असायची. कुणी दहा मिनिटं कमी सांगायचा, कुणी उत्तर-पूर्वेच्या आकड्यांची अदलाबदल करायचा. घरच्यांना खोट माहीत, ते मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायचे. सगळे खोटं बोलायचे आणि सगळ्यांना ते माहीत होतं. पण जिवावर बेतलं की आधी ‘देवाच्यान’, म्हणजे देवाशपथ, म्हणायचं आणि मग आकडा. तो खराच. माझ्या आयुष्यात तरी तो नेम कुणी मोडलेला नव्हता.

तेव्हा मला संशय येण्याचं कारणच नव्हतं. पराडकरकाकांनी एकीकडे तटरक्षक दलाला फोन लावला. त्यांचं जहाज दूर उत्तरेला होतं, पोचायला संध्याकाळ होणार होती. म्हणजे जायचं ते आमच्याच लाँचनी. जीपीएस त्या काळी ‘भद्रकाली’सारख्या मोजक्याच लाँचवर असायचा, आणि त्या दिवशी बंदरात उभ्या असलेल्या एकीवरही नव्हता. त्यांच्याकडे होकायंत्र आणि घड्याळ. त्यांना दिशा सांगायला हवी, अंशात.

मी कॅल्क्युलेटर ओढला. बंदराचे आकडे पाठ होते, सोळा अंश तीन मिनिटं उत्तर, त्र्याहत्तर अंश सत्तावीस पूर्व. दिगूचा आकडा सोळा चौदा, त्र्याहत्तर दोन. म्हणजे उत्तरेकडे अकरा मिनिटं, पश्चिमेकडे पंचवीस. पण रेखांशाचं मिनिट आमच्याकडे जरा आखूड भरतं, कारण विषुववृत्तापासून वर सरकावं तशा उभ्या रेघा जवळजवळ येतात. म्हणून पंचवीसचे चोवीस धरायचे. अकरा भागिले चोवीस, त्याचा उलटा टॅन, जवळजवळ पंचवीस अंश. पश्चिमेच्या दोनशे सत्तरात मिळवले.

“दोनशे पंच्याण्णव,” मी म्हटलं. “सव्वीस मैल.”

“मंग्या, ऐकलंस मां? दोनशे पंच्याण्णव धरा!” पराडकरकाका खिडकीतून पुतण्याला ओरडले. खाली सहा लाँच सुरू होत होत्या. वाऱ्याला, लाटेला न जुमानता पोरं निघाली होती. आपल्या माणसांना शिव्या घालाव्या तेवढ्या थोड्या, पण अशा वेळी ती घरात बसत नाहीत, हेही खरं.

एवढ्यात बाबा जिना चढून आले. आनाजी सारंग, बंदरातले सगळ्यात जुने तांडेल. चेहरा पांढराफटक.

“आकडे परत सांग,” ते म्हणाले.

मी सांगितले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, पोटच्या पोराच्या काळजीने.

“दिगू देवाच्यान म्हणालो?”

“होय. दोनदा.”

“आना, आकडो खरो मां?” पराडकरकाकांनी सरळ विचारलं. “तुझो झील आसा. काय घरची भानगड आसली तर आत्ताच सांग.”

बाबांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे. “देवाच्यान म्हणालो तर खरोच,” ते म्हणाले. “जावंदे सगळ्यांका.” आणि जसे आले तसे उतरून गेले.

सव्वादहाला लाँच बंदराबाहेर पडल्या आणि उजवीकडे वळल्या. ऑफिसच्या उंबऱ्यावर एक बाई येऊन बसली होती. भिकाजी घाडी आमच्या लाँचवर खलाशी, त्याची बायको सुलोचना. ही वरच्या गावातली, शेतकामाची माणसं. दोन पावसाळे पीक धड आलं नाही म्हणून भिकाजी समुद्रावर आला होता.

“ताई, मिळतले मां?” तिने विचारलं.

“मिळतले. आकडो मिळालोहा, दिशा मिळालीहा. तीन तासात पोचतले.”

“तेका पोहूक येना नाय,” ती म्हणाली.

  समुद्रावर पोट भरणाऱ्या माणसाला पोहता येत नाही आणि आम्ही त्याला घेऊन जातो. तेव्हाच मला आमच्या घराची पहिल्यांदा लाज वाटली. पुढे दिवसभरात ती फार कमी पडली.

थोड्या वेळाने खालून टुकटुक असा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. बाबांची जुनी होडी, ‘रामेश्वर’. दिगूला नवी लाँच घेऊन दिल्यापासून ती किनाऱ्याजवळची कामं करायची. इंजिन म्हातारं, तासाला पाच मैल गेली तर देव पावला म्हणायचं. बाबा एकटेच सुकाणूवर होते. मला भरून आलं. म्हटलं, राहवत नाही हो बापाला, मागोमाग निघाला.

मी खिडकीत उभी राहून बघत होते. होडी बंदराच्या तोंडाशी गेली आणि डावीकडे वळली.

आधी वाटलं, लाट चुकवताहेत. पण होडीने नाक सरळ केलं आणि तीच रेघ धरली. नैऋत्येला! बाकीच्या सहा लाँच वायव्येला, आणि ज्याचा पोरगा बुडतोय तो बाप नैऋत्येला. खिडकीतलं हाताचं होकायंत्र उचलून मी नेम धरला. काटा अडीचशेच्या किंचित अलीकडे थांबला.

 मी टेबलाशी गेले आणि उत्तरेच्या आकड्यातून वीस मिनिटं वजा केली.

आमच्या घरची खोट वीस मिनिटांची होती. मी मुलगी, मला ती कुणी सांगितली नव्हती. चेडू परक्याच्या घरी जातं, जाताना खडप घेऊन जाईल, असं बाबांचं म्हणणं. खडप म्हणजे समुद्राच्या पोटातला खडक, आमच्या आजोबांनी शिसं सोडून सोडून शोधलेला. त्याच्यावर गळाला तांबोशी लागायची, गोबरे लागायचे. आमचं घर त्यावर उभं राहिलं, ‘भद्रकाली’ त्यावर आली, माझी बी.एस्सी.ची फी त्यावरच भरली गेली. तो कुठे आहे हे फक्त बाबांना आणि दिगूला ठाऊक. पण मी काय बहिरी होते? वर्षानुवर्षं वायरलेसवर बसून दिगू काय सांगतो आणि घरी बाबा त्यातून किती वजा करतात, हे ऐकतच होते की!

सोळा चौदातून वीस गेले, पंधरा चोपन्न. बंदरापासून दक्षिणेला नऊ, पश्चिमेला तेच चोवीस. नऊ भागिले चोवीस, उलटा टॅन, साडेवीस. दोनशे सत्तरातून वजा. दोनशे एकोणपन्नास.

बाबा दोनशे एकोणपन्नासवर चालले होते.

म्हणजे दिगू घाबरला होता, जीव मुठीत धरलेला, आणि सवयीने जिभेवरचा खोटा आकडा बोलून गेला होता. त्याला मी माफ केलं. पण बाबा? माझ्यासमोर उभे राहून त्यांनी ‘खरोच’ म्हटलं होतं. काळजीने नव्हते मिटले ते डोळे, हिशेब करत होते! सहा लाँचमधली पोरं खवळलेल्या समुद्रात वीस मैल उलटीकडे पाठवली, आणि स्वतः त्या खटाऱ्यातून एकटे निघाले. का? तर आपला खडप कुणाला दिसू नये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंबऱ्यावर सुलोचना पदराचं टोक चावत बसली होती.

मी माइक उचलला. “मंगेश, मी रजनी. सगळ्यांनी ऐका. आकडो चुकीचो आसा. वेग किती हा तुमचो?”

“आठाचो. काय झाला गे?”

अकरा वाजले होते. पाऊण तासात सहा मैल गेले असणार. आता बंदरापासूनची दिशा काही कामाची नव्हती, ते जिथे होते तिथून नवी काढायला हवी होती. सहा मैलांत उत्तरेकडे अडीच, पश्चिमेकडे साडेपाच. मग तिथून खडपापर्यंत दक्षिणेला साडेअकरा, पश्चिमेला साडेअठरा. कॅल्क्युलेटरवर दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

“रजनी.” ‘रामेश्वर’च्या सेटवरून बाबांचा आवाज आला. शांत. “सेट बंद कर.”

“बाबा, तुमी दोनशे एकोणपन्नासवर आसात.”

“सेट बंद कर म्हणून सांगतंय. मी जातंय. मी हाडतंय तेंका.”

“कधी हाडतलात? ‘रामेश्वर’ घेऊन? बाबा, थंय पाच जीव आसत!”

“माका कळता. ह्यो घरचो विषय आसा. सगळ्या बंदराक ऐकवू नको.”

“घरचो?” मी अशी ओरडले की खाली बर्फाच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली. “भिकाजी घाडी आमच्या घरचो? तेका पोहूक येना नाय, तो काय तुमच्या खडपाचो वारस आसा? शिरा पडो त्या खडपार! मंगेश, ऐक. उत्तरेचे वीस मिनिटा कमी करूचे. पंधरा चोपन्न, त्र्याहत्तर दोन. तुमी आसात थंयसून दोनशे अडतीस धरा. बावीस मैल. पळा!”

 मग मंगेश म्हणाला, “दोनशे अडतीस. वळलंव.” आणि त्याच्यामागून एकेक लाँच म्हणाली, वळलंव, वळलंव. 

मी वळून बघितलं तर पराडकरकाका सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. पंधरा चोपन्न, त्र्याहत्तर दोन. मी बघतेय हे कळल्यावर त्यांनी पाकीट खिशात टाकलं आणि समुद्राकडे बघत ‘देवा रे’ म्हणाले. पाच माणसं बुडताहेत आणि हा माणूस पुढच्या मोसमाची सोय करतोय! पुढच्या दोन वर्षांत त्या खडपाच्या आजूबाजूला सगळ्या बंदराने जाळी ओढली आणि तिथे औषधालाही गोबरा उरला नाही. घरात त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं ठरलेलं होतं. फुटो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओरडेन.

पावणेदोनला मंगेशचा आवाज आला. लाँच सापडली होती, केबिनच्या छपरापर्यंत पाण्यात गेलेली. पाचही जण छपराला धरून होते. भिकाजीला दिगूने डिझेलच्या रिकाम्या कॅनला बांधून ठेवलं होतं. त्यांना ओढून घेतल्यावर थोड्याच वेळात, दोनच्या सुमाराला, ‘भद्रकाली’ तळाला गेली. मी सुलोचनाला सांगितलं. ती हसली नाही, रडली नाही. “माका वायच पाणी दी,” एवढंच म्हणाली.

पाचच्या सुमाराला लाँच धक्क्याला लागल्या. सगळं बंदर लोटलं होतं. दिगू चादर पांघरून उतरला. ओठ निळे पडलेले, हात सालटलेले. मी धावत जाऊन त्याला मिठीच मारली. लहानपणी मारायचे तशी पाठीत एक धपकाही घातला. “मेल्या, देवाच्यान म्हणतंस आणि सवयीन खोटो आकडो देतंस? अक्कल गहाण ठेवलंस?”

त्याने उलट विचारलं, “वीसाचो आकडो कोणी फोडल्यान?”

“मी.”

त्याने मला दूर ढकललं. “तुका कोणी सांगितला होता? सगळ्या वायरलेसवर? बाबाक कळला होता! तेंच्यासाठीच तसो सांगितलंय मी. बाबा येतले होते!”

मला कळायला थोडा वेळ लागला. भिकाजीला माझ्याआधी कळलं. तो मागेच उभा होता, बायकोचा हात धरून.

“म्हणजे चुकान नाय?” भिकाजी म्हणाला. “मी तुज्या बाजूक होतंय दिगंबर. देवाच्यान म्हटलंस तू. माका वाटला, सुटलंव.”

“अरे, बाबा येणारच होते रे! तेंका बरोबर कळला असता. मंग्याची लाँच घेतली असती, भरवशाचो एक माणूस घेतलो असतो, तीन तासात थंय. कोणाक कायएक कळला नसता.”

“आणि नाय कळला असता तर?”

दिगूने चादर अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. भिकाजीने त्याच्यावर हात उगारला नाही. मी त्याच्या जागी असते तर उगारला असता. तो नुसता म्हणाला, “माजे दोन चेडवा आसत रे घरात,” आणि बायकोला घेऊन गर्दीतून चालू लागला. बाकीचे तीन खलाशी कुणी काही न सांगता त्याच्यामागून गेले.

मी दिगूचं बकोट धरलं. त्याला काय काय बोलायचं होतं मला! पण तेवढ्यात टुकटुक ऐकू आलं. ‘रामेश्वर’ परत येत होती. पोरं मिळाल्याचं वायरलेसवर कळल्यावर बाबांनी होडी वाटेतूनच फिरवली होती. लोकांनी बाजू दिली. होडी सावकाश धक्क्याला लागली.

दिगू होडीकडे बघत होता. कुठली होडी गेली होती हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

“तुमी ह्या घेऊन गेललात?” त्याने विचारलं.

बाबा दोर आवळत होते. “दुसरा काय घेतलंय असतंय?”

“मंग्याची लाँच.”

“आणि मंग्याक खडप दाखवलंय असतंय?” बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. शेजाऱ्याला साधा व्यवहार समजावून सांगावा तसं ते म्हणाले, आणि त्यांनी धक्क्यावर पाय ठेवला. “चल घरी. तुजी आवस वाट बघता.”

दिगू हलला नाही. “बाबा, ‘भद्रकाली’ दोनाक बुडाली. तुमी किती वाजता पोचणार होतात?”

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. मला उत्तर माहीत होतं. साडेदहाला निघालेली होडी, तासाला पाच मैल, पंचवीस मैलांची वाट. साडेतीन. बोटांवर मोजता येतं. पण मी जीभ चावून गप्प बसले, कारण तो प्रश्न मला विचारलेला नव्हता. आणि बाबांना माझ्या कॅल्क्युलेटरची कधी गरज पडली नव्हती. पन्नास वर्षं ते त्याच होडीतून त्याच खडपावर जात होते. किती तास लागतात हे त्यांना सकाळी दोर सोडतानाच माहीत होतं.

“किती वाजता, बाबा?” दिगूने परत विचारलं.

“घरी चल,” बाबा म्हणाले आणि चालू लागले. दिगू तिथेच उभा राहून त्यांच्या पाठीमागून ओरडत होता, “किती वाजता?”